विद्यार्थी भीमराव

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव भारताच्या राज्यघटनेमुळे आपणां सर्वांस परिचित आहे. घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, हे तुम्ही वाचले असेल. त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ सात वर्षे मात्र परदेशात एक विद्यार्थी म्हणून गेली. चार वर्षे एका वेळी आणि पावणेतीन वर्षे दुसऱ्या वेळी. ती वर्षे त्यांनी कशी काढली, याची हकीकत या पाठात सांगावयाची आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. त्या काळी ज्या समाजाला अस्पृश्य मानीत, त्या समाजातील हे कुटुंब होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसावयास गोणपाट घरून न्यावे लागे व संध्याकाळी परत आणावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळावयाचे; शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच मारावयाची. पुढे कुटुंब मुंबईस परळ येथे एका चाळीत राहावयास आले. खोली एकच. तीत घरातील सर्व माणसे, भांडीकुंडी आणि चूल. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता उठवून दिव्यापाशी बसवीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी झालेल्या सत्कारसभेस कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी हजर होते. त्यांनीच पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी भीमरावांची गाठ घालून दिली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. रात्री दोनला उठविणारा हात राहिला नाही. सवय मात्र राहिली.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळावयाची, दरमहा साडेअकरा पौंड. आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची. घरी पत्नी रमाबाई व लहानगा यशवंत होता. जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्क शहरात उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

नव्या देशात प्रथम अडचण पडते ती अन्नाची. विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते आधी उतरले. पण तेथील जेवण त्यांना मानवेना. मग काही भारतीय विद्यार्थी जेथे राहत, त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये ते गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याच्या सोबतीने त्यांनी बिऱ्हाड केले. ही खोलीतील सोबत जन्मभराची मैत्री ठरली. पुढे संकटाच्या वेळी याच मित्राने त्यांना हात दिला, ते ओघाने येईलच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या मुलाला स्वतःच्या गावी नळाला हात लावता येत नव्हता, तो आता इतरांच्या पंक्तीला बसून जेवत होता, त्यांच्याच बाकावर बसत होता, त्यांच्याच कपाटातील पुस्तके हाताळीत होता. त्याची जात कोणती, हे येथे कोणी विचारीत नव्हते. अमेरिकेत अन्याय नव्हता असे नव्हे. तेथील काळ्या लोकांना गोऱ्यांनी कसे वागविले, हे इतिहासाला ठाऊक आहे. पण विद्यापीठाच्या आवारात भीमरावांना माणसासारखे वागविले गेले आणि याचा त्यांच्या मनावर फार खोल परिणाम झाला.

वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा, अशी त्यांची स्थिती होती. साडेअकरा पौंडांतच राहणे, खाणे, कपडालत्ता आणि पुस्तके. त्यांतूनच काही रक्कम घरी पाठवावयाची. म्हणून नाटके, सहली, मेजवान्या यांना फाटा मिळाला. एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मासळीची अथवा मांसाची एखादी बशी, एवढ्यावर ते एका वेळची भूक भागवीत. ग्रंथालयाचे दार उघडण्याच्या सुमारास जावयाचे आणि बंद होईपर्यंत तेथे राहावयाचे, असा क्रम पडला. दिवसातील अठरा तास ते अभ्यासात घालवीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

हा अभ्यास केवढा होता, याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात सापडते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रम. तुम्हीच बेरीज करून पाहा. ती साठ भरते. पदवीसाठी लागते तेवढेच शिकावे, हा हिशेब त्यांच्या मनात नव्हता. शिकविणारे गुरूही नामांकित लाभले. अर्थशास्त्रात एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई, मानववंशशास्त्रात अलेक्झांडर गोल्डनवायझर. ड्यूई यांच्या विचारांचा ठसा पुढे आंबेडकरांच्या लेखनात ठिकठिकाणी दिसतो.

अशा शिक्षणात नुसते ऐकून भागत नाही. दहापाच विद्यार्थी आणि प्राध्यापक एका टेबलाभोवती बसतात. एकाने निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर शंका काढावयाच्या, अशी तेथील चर्चावर्गाची रीत असते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमरावांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. जात टिकून राहते ती मुख्यतः आपल्याच जातीत विवाह करण्याच्या बंधनामुळे, असे त्यांनी त्यात मांडले होते. ज्या रूढीने बालपणी त्यांना गोणपाटावर बसविले, तिचीच चिकित्सा ते आता शास्त्रज्ञाच्या शांतपणाने करीत होते. पुढल्या वर्षी हा निबंध भारतात छापला गेला.

त्या सुमारास लाला लजपतराय अमेरिकेत होते. देशाच्या स्वातंत्र्यासाठी तेथील भारतीय विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याचा त्यांचा प्रयत्न चालला होता. भीमरावांनीही त्यात यावे, अशी त्यांची इच्छा होती. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. महाराजांनी पैसे दिले आहेत ते अभ्यासासाठी. तो पुरा होईपर्यंत दुसरीकडे लक्ष देणे बरे नव्हे, असे त्यांना वाटले. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणणे सोपे नव्हते. तरीही त्यांचा तो निर्णय मला योग्य वाटतो.

एका बाबतीत मात्र त्यांचा हात आखडत नसे, ती म्हणजे पुस्तके. पोटाला चिमटा घेऊन ते न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. अमेरिका सोडतेवेळी त्यांच्याजवळ सुमारे दोन हजार पुस्तके जमली होती. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ च्या जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध सादर करून ते लंडनला निघाले.

लंडनमध्ये त्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी. महायुद्धाचे दिवस होते. अभ्यासाची घडी बसते न बसते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे एवढे झाले, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना मिळाली. ती परवानगी खिशात घालून भीमराव मायदेशी निघाले. ते स्वतः कैसर-इ-हिंद या बोटीने आले. सामान मागाहून दुसऱ्या बोटीने यावयाचे होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. उपाशी राहून घेतलेले कितीतरी ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले.

करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. महाराजांचा लोभ होता, शहराचा नव्हता. राहावयास जागा कोठेच मिळेना. निरुपायाने एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. कचेरीतील शिपाईही त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकीत आणि तेथे प्यावयास पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा लोक धर्मशाळेत आले आणि त्यांनी भीमरावांना त्याच दिवशी जागा सोडावयास सांगितले. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दाखविली. कमाठीबाग नावाच्या उद्यानात ते एका झाडाखाली बसले. जवळ कोलंबियाची पदवी होती. डोक्यावर छप्पर नव्हते. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

येथे एखादा दुसरा निराश होऊन बसला असता. भीमरावांनी मात्र मनाशी एकच हिशेब धरला होता: चार वर्षांच्या आत लंडनला परत जावयाचे. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलाच. परंतु चाळीतील खोली त्यांनी सोडली नाही. संसाराला लागेल तेवढे रमाबाईंच्या हाती द्यावयाचे आणि बाकीचे लंडनसाठी शिल्लक टाकावयाचे, असा क्रम त्यांनी ठेवला. कॉलेजातही काही सहकाऱ्यांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नसे. विद्यार्थी मात्र त्यांच्या व्याख्यानांवर लुब्ध होते. दीड वर्षाने शिल्लक मोजली. ती पुरेशी नव्हती. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी मदत केली आणि न्यूयॉर्कच्या खोलीतील सोबती नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैमध्ये भीमराव पुन्हा बोटीवर चढले.

लंडनचे हे दुसरे पर्व न्यूयॉर्कपेक्षाही खडतर होते. आता शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची शिल्लक आणि मित्राचे कर्ज, एवढाच आधार होता. एका खाणावळवजा घरात त्यांनी खोली घेतली होती. घरमालकीण मोठी करडी बाई होती. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा मुरंबा किंवा मासळीचा लहानसा तुकडा आणि बोव्हरिल नावाच्या मांसाच्या अर्काचा एक पेला, एवढेच तिच्याकडून मिळे. ते खाऊन भीमराव घाईघाईने ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघत. दार उघडताच आत शिरावयाचे आणि ठरलेली जागा धरावयाची. या ग्रंथालयाचे वाचनगृह मोठ्या घुमटाखालचे, वर्तुळाकार होते. कार्ल मार्क्सनेही येथेच बसून आपला ग्रंथ सिद्ध केला होता. दुपारचे जेवण बहुधा नसेच. त्याला पैसाही लागे आणि वेळही मोडे. संध्याकाळी दार बंद करावयाची वेळ झाली म्हणजे पहारेकरी येऊन सूचना देई, तेव्हा भीमराव उठत. अंगावरील कोटाचे खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. ब्रिटिश म्युझियमखेरीज इंडिया ऑफिस, लंडन विद्यापीठ आदी ठिकाणच्या ग्रंथालयांतही ते जात.

रात्रीचे जेवणही बेताचेच असे. दहाच्या सुमारास पोटात पुन्हा भूक पेटे आणि वाचन तर पहाटेपर्यंत चालावयाचे. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने त्यांना पापडांची चळत दिली होती. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजावयाचे, सोबत पेलाभर दूध घ्यावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडावयाचे. खोलीतील सोबती मध्यरात्री जागा होई, तो हे आपले दिव्यापाशी बसलेले. तो काकुळतीने निजावयास सांगे. जेवणाला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळे. परळच्या चाळीत वडिलांनी लावलेली सवय आता कामी येत होती. १९२१-२२ च्या सुमारास ते किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि तेथे त्यांचे स्मारक केले.

इकडे मुंबईत रमाबाई चाळीतील खोलीत संसार रेटीत होत्या. घरात खाणारी माणसे बरीच. मिळकत जवळजवळ नाही. लंडनहून पैसे येण्याची आशा नव्हती, कारण लंडनमध्येच पैसे नव्हते. पतीच्या शिक्षणाचा अर्धा भार त्यांनी उचलला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पदवीपत्रावर नाव मात्र एकाचेच असते.

१९२१ च्या जूनमध्ये भीमराव एम. एस्‌सी. झाले. १९२२ साली त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. पण तेथील शिक्षण पुरे करणे जमले नाही. आता राहिला डी. एस्‌सी. चा प्रबंध. विषय होता रुपयाचा प्रश्न. आपला रुपया तेव्हा चांदीचा असे, तर इंग्लंडचा पौंड सोन्याशी बांधलेला. चांदी स्वस्त झाली की रुपयाची किंमत घसरे आणि त्याची झळ देशाच्या व्यापाराला व लोकांना लागे. त्यावर सरकारने केलेली व्यवस्था सदोष होती आणि तीत भारताचे हित नव्हते, असे भीमरावांनी दाखल्यांसह मांडले. १९२२ च्या ऑक्टोबरात प्रबंध सादर झाला.

१९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांचा निरोप आला: प्रबंध पुन्हा लिहून आणा. सरकारी धोरणावरील टीका परीक्षकांना बोचली होती. यावेळी भीमरावांजवळचे पैसे संपले होते. लंडनमध्ये आणखी काही महिने राहणे शक्यच नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले.

अनेक वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे असेल, पण मला हा प्रसंग त्यांच्या साऱ्या विद्यार्थिदशेत अधिक कसोटीचा वाटतो. अर्धे पान पुन्हा लिहावयास सांगितले तरी मुलांचे चेहरे उतरतात. येथे तर तीन वर्षांचे काम होते, अंगावर कर्ज होते, वकिली सुरू करण्याची निकड होती, आणि तो घुमटाखालचा ग्रंथसंग्रह हजारो मैलांवर राहिला होता. तरीही परळच्या खोलीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, शब्द सौम्य केले. निष्कर्ष मात्र होते तेच ठेवले. ऑगस्टमध्ये तो लंडनला रवाना झाला. नोव्हेंबर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी दिली. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती प्राध्यापक कॅनन यांनी. गंमत अशी, की आंबेडकरांची काही मते आपणांस मान्य नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच सांगून टाकले आणि तरीही ग्रंथाच्या ताजेपणाची प्रशंसा केली. गुरुशिष्यांचे असे नाते विरळा. ते पुस्तक आंबेडकरांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले.

कोलंबियाची पीएच. डी. मात्र अजून हाती आली नव्हती. प्रबंध १९१६ सालीच मान्य झाला असला, तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्यावाचून पदवी देत नसत. आणि छपाईला पैसा नव्हता. विद्यार्थ्याची कामे अशी वर्षानुवर्षे मागे लागतात. पुढे त्या प्रबंधात भर घालून, ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ म्हणून तो १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि सयाजीराव महाराजांना अर्पण करण्यात आला. ८ जून १९२७ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. पदवी दिली. त्याआधी अवघ्या अकरा आठवड्यांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाड येथे हजारो माणसांसह मिरवणुकीने जाऊन त्यांनी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरल्या होत्या आणि ओंजळीने पाणी घेतले होते.